थंडीत सुट्टी नको, वेळ बदला

नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा ५-६ अंशांवर घसरला की शाळांना सुट्टीची मागणी होते. पण शाळा बंद म्हणजे त्या दिवशीचा पोषण आहारही बंद. वाडी-वस्तीवरच्या अनेक मुलांना त्याच गरम जेवणाचा आधार असतो. शिवाय आपल्याकडची थंडी पहाटेची. उत्तरेसारखे दिवसभर दाट धुके क्वचितच, १० पर्यंत ऊन चढतेच. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. पाचवीतल्या मुलाला मग थंडी कमी वाजते का? कडाका असेपर्यंत सगळेच वर्ग १० ला भरवावेत, शनिवारची सकाळची शाळासुद्धा. दोन पाळ्यांच्या शाळांत खोल्यांची अडचण खरी. तिथे तेवढे दिवस तासिका छोट्या कराव्यात.