मैदानाचा वारसा

पुणे शहराची थोरवी गाताना विद्या, व्याकरण आणि वादविवाद यांचा उल्लेख आधी होतो. खेळांचा झालाच तर शेवटी होतो. वस्तुतः या बाबतीत आपले शहर मुळीच दरिद्री नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकार पावसाळ्याचे दिवस पुण्यास काढीत असे. त्या निमित्ताने गव्हर्नर, सेनाधिकारी व त्यांची कुटुंबे येथे येत, आणि त्यांच्या सामानाबरोबर क्रिकेटची बॅट व टेनिसची जाळीही येई. बॅडमिंटनला तर आरंभी काही काळ 'पूना' याच नावाने ओळखीत. साहेबांचे खेळ साहेबांपाशीच राहिले नाहीत. ते पेठांत शिरले आणि आपले झाले.

या वारशाचा अभिमान वाहावा अशी नावे पुष्कळ आहेत. प्रो. दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. १९२६ साली गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १९४४ साली, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यातच काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम अगदी दृष्टिपथात आला असता प्रतिपक्षाच्या कर्णधाराने खेळ पुढे चालविण्यास नकार दिला, व तो विक्रम नऊ धावांनी दूर राहिला.

हे आकडे मुखोद्गत असणारे विद्यार्थी आपल्या शाळेत थोडेथोडके नसतील. परंतु मला येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. शहराचा क्रीडावारसा धावांच्या राशीवरून मोजावा काय? माझ्या मते नाही. मैदानावर कोणाला येऊ दिले आणि मैदानाबाहेर कोणाला ठेवले, यावरून तो मोजावा. या मापाने पाहू गेल्यास पुण्याच्या इतिहासात अभिमानाबरोबर लज्जेचेही एक पान निघते, आणि ते आपण वाचलेच पाहिजे.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्यात नोकरीस असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर हे भाऊ क्रिकेट शिकले. बाळू प्रथम पारशी मंडळींच्या मैदानावर व पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात कामास लागले. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे, जाळी उभारणे ही त्यांची कामे, आणि वेतन दरमहा रुपये चार. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकावयास कोणी तरी हवे असे, म्हणून चेंडू त्यांच्या हाती आला. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर हात साफ करीत. अशा रीतीने बाळूंच्या डाव्या हाताला जी सिद्धी प्राप्त झाली, तिला हिंदुस्थानात त्या काळी तोड नव्हती. मात्र हजारो चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती तेथे कोणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

साहेबांनी बॅट दिली नाही, तर स्वकीयांनी पेला दिला नाही. पुण्यातील हिंदू संघाने मोठ्या वादानंतर बाळूंना खेळावयास घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वजण हाताळीत. तेथे विटाळ होत नसे. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि ज्याने गडी बाद केले त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात तो दिला जाई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल हिंदी संघातर्फे बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, त्यांच्या संघाने युरोपियनांना हरविले, आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून नाचविले. बाळूंनी पूना क्लबात रूळ फिरविला तेव्हापासून या दिवसापर्यंत सुमारे तीस वर्षे लोटली होती.

येथे कोणी म्हणतील, "अखेर गुणांची कदर झालीच ना? ज्याच्या अंगी पाणी असते तो वर येतोच." हा युक्तिवाद ऐकावयास गोड, पण पोकळ आहे. बाळूंच्या हाती चेंडू आला तो साहेबांच्या सोयीसाठी, योगायोगाने. ज्यांच्या हाती तो कधीच आला नाही, अशांपैकी कितीजण गुणी होते हे कोण सांगणार? गुण दिसून यावयास आधी संधी द्यावी लागते. संधी न देता गुणांची परीक्षा घेणे म्हणजे बी न पेरता जमिनीला नापीक म्हणणे होय.

या वारशाची दुसरी बाजूही याच शहरात आहे, आणि ती आनंदाची आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या क्रीडासंमेलनात साधे शेतकरी अनवाणी धावले. ते पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या मनाने घेतले की या माणसांना जगाच्या मैदानावर न्यावे. पुढच्याच वर्षी हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव संस्कृतात काव्ये रचीत आणि टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डन येथे सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९७३ साली स्त्रियांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा पुण्यातच भरली. संघ आले अवघे तीन, पण दार उघडले ते कायमचे.

टेनिसची सर्वांत मोठी गोष्ट मात्र १९७४ सालची. त्या वर्षी डेव्हिस चषकाच्या उपान्त्य फेरीत भारताची गाठ सोव्हिएत संघाशी पडली आणि सामना पुण्यात झाला. अमृतराज बंधूंच्या संघाने तो जिंकला. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी व्हावयाचा होता. त्या देशात त्या काळी कातडीच्या रंगावरून माणसांना वेगळे ठेवण्याचा कायदाच होता. भारताने अंतिम सामना खेळण्याचे नाकारले, आणि न खेळता चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताने डेव्हिस चषक आजवर एकदाही जिंकलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते. ज्या शहरात एका गोलंदाजाला मातीच्या भांड्यात बाहेर चहा दिला गेला, त्याच शहरात मिळविलेला अंतिम फेरीचा मान माणसामाणसांतील भेद अमान्य म्हणून सोडून देण्यात आला. माझ्या मते ४४३ धावांहूनही हा आपला मोठा विक्रम होय, आणि तो कोणत्याही धावफलकावर लिहिलेला नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. मधल्या सुटीत मैदानाकडे जरा लक्ष देऊन पाहा. बॅट असते चार-सहाजणांच्या हाती. उरलेले सीमेवर उभे राहून चेंडू आणून देतात. कित्येकांना तर "तुला येत नाही" एवढे सांगून परत पाठविले जाते. ज्याचे बूट फाटके, जो बोलण्यात लाजरा, जो नव्याने शाळेत आलेला, तोच बहुधा बाहेर राहतो. यात जातीचा विचार कोणाच्या मनात नसेलही. पण बाहेर उभ्या असलेल्या मुलाला दुःख तेच होते. जो भुकेला तो आपला आणि जो परका तोही आपला, ही आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरातील शिकवण मैदानाच्या कुंपणापाशी संपावयाची नाही.

म्हणून एक साधी सूचना करतो. प्रत्येक वर्गाने आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा की त्या दिवशी प्रत्येकाच्या हाती बॅट येईल व प्रत्येकजण निदान एक षटक टाकील. सामना हरला तरी चालेल. जो शिपाई वा माळी मैदान निगुतीने राखतो, त्याला विजयाच्या दिवशी आपल्याच पंक्तीला बसवावे. पालकांनाही एक विनंती आहे: मुलगा घरी आल्यावर "किती धावा काढल्यास?" असे अवश्य विचारा, पण त्याबरोबर "आज कोणाला खेळावयास घेतलेस?" हेही विचारा. आणि मुलीला हे दोन्ही प्रश्न विचारावयास विसरू नका.

विक्रम मोडण्यासाठीच असतात; ब्रॅडमन यांचाही पुढे मोडला. परंतु दाराशी उभ्या असलेल्याला आत बोलावणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहतो. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती बॅटही यावी आणि पेलाही यावा, एवढी इच्छा प्रकट करून हा अल्पसा लेख पुरा करतो.