सलामीच्या उड्डाणातील मृत्यू

गोव्यातील दाबोळीच्या आकाशात १ ऑक्टोबर २००२ रोजी भारतीय नौदलाची दोन इल्यूशिन-३८ विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतील बाराही नौसैनिक प्राणांस मुकले. खाली आपापल्या कामात असलेली काही निरपराध माणसेही त्या कोसळत्या लोखंडाखाली सापडून गेली. त्या दिवशी कोठे युद्ध चालू नव्हते आणि शत्रूची पाणबुडी किनाऱ्याशी आली होती असेही नव्हते. या विमानांच्या ३१५ क्रमांकाच्या तुकडीस पंचवीस वर्षे पुरी होत होती. तिचा तो रौप्यमहोत्सव होता, आणि त्यानिमित्त ही अवजड विमाने जोडीने उडत होती.

ऑक्टोबर उजाडला की ८ तारखेचा वायुदल दिन आणि त्यामागून ४ डिसेंबरचा नौदल दिन यांच्या कवायतींची तयारी सुरू होते. अशा उत्साहाच्या दिवसांत त्या दुर्घटनेची आठवण काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. उलट, ही आठवण काढण्यास याहून योग्य वेळ दुसरी नाही, असेच आम्ही म्हणू.

सोहळ्यासाठी उडालेली लष्करी विमाने एकमेकांवर आदळावीत, हे दुर्दैव काही दाबोळीस प्रथम घडले नाही. दोन महायुद्धांमधील काळात विमान ही नवलाची वस्तू होती आणि ज्या राष्ट्राजवळ ती होती त्यास ती मिरविण्याची विलक्षण हौस होती. १९२७ या एकाच वर्षाचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेच्या सेनादलाची पाच उभयचर विमाने दक्षिण अमेरिकेतील राष्ट्रांशी सद्भावना वाढविण्यासाठी दौऱ्यावर निघाली होती. विमानांना अमेरिकेतील शहरांची नावे दिलेली होती. २६ फेब्रुवारीस ब्वेनोस आयरेसजवळील पालोमार येथे उतरण्यासाठी रचना मोडीत असताना ‘न्यूयॉर्क’ आणि ‘डेट्रॉइट’ यांची टक्कर झाली. ‘न्यूयॉर्क’मधील मेजर डार्ग व त्यांचे सहकारी व्हाइटहेड हवाई छत्रीच्या साह्याने वाचले. ‘डेट्रॉइट’मधील कॅप्टन वूल्झी आणि लेफ्टनंट बेंटन मात्र गेले. बेंटन चाके खाली घेण्याच्या खटपटीत पंखावर आलेले होते व त्यांच्या अंगावर छत्री नव्हती. वूल्झींजवळ ती होती, तरी सोबत्यास टाकून त्यांनी उडी घेतली नाही, असे त्या वेळच्या वृत्तान्तांत आले. दौरा मात्र थांबला नाही. उरलेली विमाने पुढे गेली आणि मे महिन्यात स्वदेशी परतल्यावर त्यांचे थाटाचे स्वागत झाले.

त्यास दोन महिने होतात न होतात तोच, २१ एप्रिल रोजी, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे यॉर्कच्या ड्यूकच्या स्वागतास उडालेली दोन लष्करी विमाने आदळून चार वैमानिक ठार झाले. हे ड्यूक म्हणजे पुढे आपल्या देशावरही ज्यांनी नाममात्र राज्य केले तेच सहावे जॉर्ज. ९ मे रोजी याच दौऱ्यात कॅनबेरा येथे नव्या संसदभवनाचे उद्घाटन होत असता आणखी एक विमान कोसळून त्याचा चालक गेला. तीन आठवड्यांच्या आत एका राजपुत्राच्या स्वागतासाठी पाच माणसे खर्ची पडली. त्यांना शत्रूने मारले असते तर इतिहासाने त्यांची वेगळी नोंद केली असती.

येथे एक भेद आम्ही मुद्दाम करीत आहो. सैन्यास सराव करावा लागतो आणि सरावात जोखीम असतेच. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली सुखोई आणि मिराज ही दोन विमाने आदळली आणि मिराजचा वैमानिक मृत्युमुखी पडला. ही हानी दुःखद आहे. पण ती तयारीची किंमत होती, असे म्हणता येते. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळील येलहंका येथे ‘सूर्यकिरण’ पथकाची दोन विमाने आदळली ती दुसऱ्या दिवशी सुरू व्हावयाच्या हवाई प्रदर्शनाच्या रंगीत तालमीत. तीतही एक वैमानिक गेला. तालीम आणि सराव या दोन शब्दांत काय अंतर आहे, हे येथे दिसून येते.

दाबोळीची गोष्ट तर याहूनही वेगळी. सूर्यकिरणचे वैमानिक निदान याच कामासाठी वर्षानुवर्षे तयार होतात. इल्यूशिन-३८ चा धर्मच निराळा. प्रवासी विमानापासून घडविलेले, चार इंजिनांचे आणि सुमारे ३७ मीटर पंखांचे हे विमान समुद्रावर तासन्‌तास एकटे हिंडून पाणबुडीचा माग काढण्यासाठी बनविलेले. जवळजवळ उडत असता मागील वैमानिकाची नजर पुढच्या विमानास खिळलेली असते. त्याचा स्वतःचाच पंख आणि नाक दृष्टीचा मोठा भाग झाकून टाकतात. पुढच्या विमानाने ढवळलेली हवा मागच्यास ओढते. चपळ लढाऊ विमान एखाद्या क्षणात बाजूस होऊ शकते. पन्नास-साठ टनांचे धूड तसे होऊ शकत नाही. नौदलाजवळ अशी विमाने होती अवघी पाच. त्यांतील दोन एका समारंभात गेली. राष्ट्राच्या सागरी पहाऱ्याचे एवढे नुकसान करण्यास शत्रूस केवढा खटाटोप करावा लागला असता!

संचलनाने तरुणांच्या मनांत सैन्याविषयी ओढ निर्माण होते, हे आम्हांस मान्य आहे. लहान मुलाने आकाशाकडे बोट दाखवून ‘मी हे चालवीन’ म्हणावे, यात वावगे ते काय? पण ती ओढ निर्माण होण्यास दोन विमानांत हातभर अंतर असावे लागत नाही. शिवाय पाहणाऱ्यांचाही विचार आहेच. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामश्टाइन येथे इटलीच्या वायुदलाची तीन विमाने आदळली, तेव्हा सत्तर माणसे मेली, त्यांत सदुसष्ट प्रेक्षक होते. त्यानंतर युरोपात प्रेक्षकांच्या दिशेने कसरती करण्यावर कडक निर्बंध आले. माणसे मेल्यावर का होईना, नियम झाले.

आपल्याकडेही नागरी वाहतुकीपुरता हा अनुभव आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे सौदी प्रवासी विमान आणि कझाकस्तानचे मालवाहू विमान आदळून ३४९ जण मेले. न्यायमूर्ती लाहोटी यांनी चौकशी केली, तिचे निष्कर्ष लोकांपुढे आले आणि टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. लष्करी चौकशीचे तसे होत नाही. तिचे कागद सामान्यतः कपाटातच राहतात. गुप्ततेचे कारण पुढे केले जाते. पण रौप्यमहोत्सवी उड्डाणात लपविण्याजोगे कोणते रहस्य असणार? संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये २०१७ ते २०२२ या काळातील वायुदलाच्या ३४ अपघातांचा हिशेब मांडला, त्याने राष्ट्राची सुरक्षितता कोठे ढासळली नाही. आमची मागणी एवढीच की, सोहळ्यातील प्रत्येक अपघाताच्या चौकशीचे निष्कर्ष संसदेपुढे ठेवावेत, आणि पहाऱ्याच्या कामाची अवजड विमाने प्रदर्शनासाठी जवळजवळ उडविण्यास साफ बंदी करावी. जी उड्डाणे करावयाची ती वस्तीवरून न करता समुद्रावरून करावीत. आपणांस किनारा काही कमी लाभलेला नाही.

शेवटची गोष्ट ज्यांच्या वस्तीवरून विमाने जातात त्यांची. मुंबईच्या उत्तरेस तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. १९४५ साली तेथे हजारो वारली जमले आणि त्यांनी जमीनदाराची वेठ नाकारली. तोवर त्यांना कोणी काही विचारीत नसे. त्या गावच्या शेतात वाकून काम करणाऱ्या माणसास आपल्या डोक्यावरून कोणते विमान कशासाठी जाते, हे कोणी आजही विचारीत वा सांगत नाही. दाबोळीस खाली असलेली माणसे अशीच होती. इल्यूशिन-३८ विमाने २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, तेव्हा त्यांच्या चौऱ्याहत्तर नव्हे तरी सेहेचाळीस वर्षांच्या कामगिरीचा यथोचित गौरव झाला. त्या बारा नौसैनिकांची नावे नौदलाजवळ आहेत. जमिनीवर मेलेल्यांचा मात्र आकडासुद्धा निरनिराळ्या वृत्तांत निरनिराळा छापला गेला.