नियोजनाच्या विद्यार्थ्यांना सातबारा वाचता यावा, यासाठी निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय

विषय : नगर व प्रादेशिक नियोजन पदवी अभ्यासक्रमात भूमी अभिलेख, क्षेत्रकार्य व मराठीतील नियोजन-व्यवहार यांचा समावेश करणेबाबत.

महोदय,

आम्ही या पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहोत.

गेल्या सत्रात स्टुडिओच्या सर्वेक्षणासाठी शहराच्या हद्दीलगतच्या एका गावी गेलो होतो. सोबत उपग्रह प्रतिमा होती, छापील प्रश्नावली होती. एका आजींनी पिशवीतून सातबारा, आठ-अ आणि गट नकाशाची घडी काढून पुढ्यात ठेवली. "पोरांनो, तुमचा रस्ता माझ्या विहिरीवरून जातोय का, तेवढं सांगा." आमच्यापैकी एकालाही तो गट आमच्या नकाशावर दाखवता आला नाही. 'इतर हक्क' रकान्यातली नोंद कुळाची की बोजाची, तेही कळेना. आजींनी कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले. ती लाज अजून गेलेली नाही.

चटई क्षेत्र निर्देशांकाची गणिते आम्ही सोडवतो, परदेशी शहरांचे आराखडे अभ्यासतो. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र फेरफार, गावठाण, गुंठेवारी, मालमत्ता पत्रक यांची ओळख वर्गात होत नाही, आणि उद्या आमचे काम याच कागदांवर चालणार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास योजनेवर हरकती व सूचना मागवून सुनावणी द्यावी लागते. सुनावणीला येणारा माणूस आपले म्हणणे बहुधा मराठीत मांडतो. ते समजून घेऊन नकाशावर तपासणे हेच नियोजनकाराचे काम.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी त्यात आपापला रस्ता, आपली इमारत, आपले प्रार्थनास्थळ शोधले आणि चुकांवर बोट ठेवले. एप्रिलमध्ये राज्य शासनाला तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. जागेवर जाऊन केलेली पाहणी किती मोलाची, याचा याहून मोठा धडा आमच्यासाठी नाही. हा धडा नवा नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली नगरनियोजनकार पॅट्रिक गेडिस शिकवू लागले. आधी पाहणी, मग आराखडा, हाच त्यांचा आग्रह होता.

म्हणून आमची प्रमुख मागणी अशी की, दुसऱ्या वर्षी 'भूमी अभिलेख व नियोजन कायदा' हा पूर्ण सत्राचा अनिवार्य विषय ठेवावा. तो शिकवण्यास निवृत्त तलाठी, भूकरमापक व नगररचनाकार यांना अभ्यागत अध्यापक म्हणून बोलवावे. पुस्तकातून हे येणार नाही. मोजणीच्या खुणा शोधत बांधावरून चाललेल्या माणसाकडूनच ते शिकता येईल.

प्रत्येक स्टुडिओचा निष्कर्ष ज्या वस्तीचा वा गावाचा अभ्यास केला तिथे मराठीतून मांडणे सक्तीचे करावे. परप्रांतीय सहाध्यायांना त्यासाठी भाषेचे साहाय्य मिळावे. तेही ही मागणी आमच्याबरोबर करीत आहेत. नगररचना कार्यालयांशी करार करून हरकतींच्या सुनावणीस हजर राहण्याची सोय करावी. क्षेत्रकार्याचे एसटी भाडे व नकाशे छपाईचा खर्च विभागाने उचलावा. आज तो खिशातून जातो आणि काही मित्र त्यामुळे क्षेत्रभेटच टाळतात.

हा विषय अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत घ्यावा, आमच्या दोन प्रतिनिधींना तेथे म्हणणे मांडू द्यावे आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. त्या गावी आम्हाला याच सत्रात पुन्हा जायचे आहे. आजींना उत्तर द्यायचे राहिले आहे.

आपले विश्वासू,
तृतीय वर्ष, नगर व प्रादेशिक नियोजन पदवीचे विद्यार्थी