कडेवरचे नाव



शेजारच्या काकांचे १९७१ च्या युद्धाचे संग्राम पदक व छायाचित्र गावच्या शाळेतील स्मृतिदालनात लावावयाचे होते. वहिनींनी पदक चांदीच्या भांड्याप्रमाणे घासावयास घेतले, मी थांबविले. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक व नाव असते. घासल्याने लकाकी येते, नाव मात्र झिजते.

मूळ छायाचित्र घरी जपावे, चौकटीत प्रत लावावी. ओलाव्याने ती काचेस चिकटते, म्हणून मध्ये अंतर राखावे. पाठीस आम्लविरहित पुठ्ठा घ्यावा. पदकाची फीत डिंकाने न चिकटविता टाक्यांनी बसवावी. भिंतीवर ऊन येऊ नये.

दुकानात झळाळीने माल खपतो. येथे झळाळी हाच तोटा. ही पुढील पिढीची ठेव आहे. मुद्दलास हात लावू नये.