सिलिंडरसमोरची खोकी

भोसरी असो की अंबरनाथ, औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच शेडमध्ये भिंतीवरचा आग विझवण्याचा लाल सिलिंडर अर्धाच दिसतो. बाकीचा अर्धा पुठ्ठ्याच्या खोक्यांआड, नाहीतर पाण्याच्या जारमागे. कुणी वाईट हेतूने ते तिथे ठेवत नाही. टेम्पो उभा असतो, जागा नसते, ‘संध्याकाळी उचलू’ म्हणून माल टेकवला जातो. ती संध्याकाळ आठवडाभर येत नाही.

सहा किलोच्या पावडरचा मारा अर्धा मिनिटही टिकत नाही. तो उपयोगी पडतो आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेपर्यंतच. म्हणूनच सिलिंडरपर्यंत कुणालाही १५ मीटरहून जास्त चालावे लागू नये, असे भारतीय मानक २१९० सांगते. अर्थात वाट मोकळी असेल तर! धुरात खोकी बाजूला करण्यात मिनिट गेले, की नंतर हाती आलेला सिलिंडर त्या आगीला पुरत नाही.

दिल्लीच्या उपहार चित्रगृहातल्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा जीव गेला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून उजवीकडची वाट बंद केली होती. तिथे दार अडले, इथे सिलिंडर अडतो. रोजच्या वापरात नसलेली जागा रिकामी समजली जाते, हे दोन्हीकडे सारखेच.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने मालक किंवा भोगवटादाराला दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हवेच. पण दाबाचा काटा हिरव्यात असल्याची खात्री करून तपासनीस गेला, की दुसऱ्या दिवशी तिथे खोके येऊ शकते. ही जबाबदारी रोजचीच असायला हवी. सिलिंडरखाली फरशीवर पिवळा चौकोन आखावा, पाळी सुरू होताना सुपरवायझरने तो पाहून सही करावी, आणि त्यात ठेवलेला माल न विचारता उचलण्याची मुभा हेल्परलाही असावी. मालकाने मालासाठी रॅक द्यावे. जागाच नसेल तर कामगाराला दटावून काय साधणार?

आणखी एक. रिफिलिंगसाठी सिलिंडर रिकामा करावाच लागतो. तो एजन्सीच्या आवारात रिकामा होण्याऐवजी कारखान्याच्या अंगणात, पॅकिंगमधल्या बायकांच्या आणि वॉचमनच्या हातून व्हावा. पिन ओढायला किती जोर लागतो, नळी आगीच्या बुडाशी कशी धरायची, हे हाताला कळते. रात्री शेडमध्ये वॉचमन एकटाच असतो.