उडायचंय? आधी मायदेशी लँडिंग बघा!

एका विंडोत एक्सेल शीट, दुसरीत फ्लोरिडाच्या फ्लाइंग स्कूलचे फोटो. प्रत्येक ऑफिसात असा एक तरी भिडू असतोच. कदाचित तो तुम्हीच! नोकरीला रामराम, बाबांच्या फ्लॅटवर लोन आणि वर्षभरात कॅप्टन, असा प्लॅन. प्लॅन वाईट नाही, फक्त अर्धा आहे.

फ्लाइंग स्कूल्स आपल्याकडे गोंदिया-बारामतीतही आहेत. पण पावसाळ्यात आपल्याकडे विमानं जमिनीवरच जास्त दिसतात. तिकडे मोकळं आकाश, भरपूर विमानं, म्हणून तास पटापट भरतात. प्रॉब्लेम येतो परतल्यावर. अमेरिकेचं एफएए लायसन्स दाखवून इथल्या एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. त्यासाठी डीजीसीएचं सीपीएल हवं, आणि डीजीसीए तुमचं लॉगबुक स्वतःच्या चष्म्यातून वाचतं.

हिशेब असा : एकूण 200 तास. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे पीआयसी. शिवाय 20 तास क्रॉस-कंट्री आणि त्यातलं एक उड्डाण 300 नॉटिकल मैलांचं. 10 तास इन्स्ट्रुमेंट, 5 तास रात्रीचे. आणि हे सगळं शिळं चालत नाही, अर्जाआधीच्या 5 वर्षांतलं हवं.

खरी गोम पीआयसीत आहे. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स मिळालं, की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, कंट्रोल्स तुमच्याच हातात असतील तर तो तास पीआयसी म्हणून लिहिता येतो. आपल्याकडे डुअल म्हणजे डुअल! लॉगबुकात 110 दिसणारे तास इथे 80 भरले, तर उरलेले 20 पुन्हा पदरमोड करून उडा. म्हणून तिकडे पहिल्या दिवसापासून इंडियन पीआयसीचा वेगळा हिशेब ठेवा.

कन्व्हर्जनला आणखी काय लागतं? एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी हे विषय 70 टक्क्यांनी सोडवायचे. रेडिओसाठी आरटीआर. क्लास वन मेडिकल. परदेशी लायसन्स खरं असल्याची तिथल्या अथॉरिटीकडून खातरजमा. आणि इथे विमान उडवून स्किल टेस्ट.

यातलं बरंचसं जाण्याआधी उरकता येतं. मेडिकल तर आधीच करा, प्लीज. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लोनचा पहिला हप्ता गेल्यावर कळण्यात काय मजा? लेखी पेपर्सही इथेच देऊन जा, म्हणजे परतल्यावर क्लास लावून घरी बसायला नको.

स्कूल निवडताना चकाचक ब्रोशरला भुलू नका. एकच विचारा, ‘तुमच्याकडून परतलेल्या भारतीय मुलांना कन्व्हर्जनला किती महिने आणि किती जादा तास लागले?’ मग अशा दोघा-तिघांना स्वतः फोन करा. कन्व्हर्जनचे पैसे, रिकामे महिने आणि पुढचं ए-320 किंवा 737चं टाइप रेटिंग, हे सगळं धरून बजेट मांडा.

एवढं करूनही आकडे जमत असतील, तर बॉसला राजीनामा मेल करायला हरकत नाही. हॅपी लँडिंग!