एक आवाज, दोन उंबरे



जयंतीची तयारी चालू होती. निलंग्यातल्या आमच्या वस्तीत भीमगीते लागली होती. नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, बाजारातल्या हॉटेलात सकाळी विठ्ठलाचं गाणं लागतं, त्यातही हाच आवाज असतो. मग हे गाणारे आपले का त्यांचे?"

आवाज होता प्रल्हाद शिंदे यांचा.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे हे कलावंत. जन्म १९३३ चा. गाण्याचे बाळकडू आई-वडिलांकडूनच मिळाले. पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला उभे राहिले आणि मग स्वतःच्या नावावर मैदान गाजवू लागले. रेकॉर्ड निघाल्या, कॅसेटी निघाल्या. त्यांची भक्तिगीते घरोघरी गेली, तशीच भीमगीतेही.

पोरीचा प्रश्न चुकीचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या मानणाऱ्या समाजातला गायक देवाची गाणी गातो, हे आपल्यातल्या कित्येकांना खटकले. खटकणारच. पण गाणे हा त्यांचा धंदा होता, त्यावर चूल पेटत होती. गिरणीत राबणारा आपला माणूस कापड कोणासाठी विणतो, हे आपण कधी विचारले का?

दुसरी बाजूही पाहा. ज्या वाड्यांच्या ओसरीवर आपल्या बापजाद्यांना चढू देत नसत, त्याच वाड्यांत हा आवाज थेट देवघरापर्यंत गेला. आवाजाला कोणी विटाळ मानला नाही. मग माणसालाच का मानला? याचे उत्तर आपण नव्हे, त्या वाड्यांनी द्यायचे आहे.

१५ मे २००४ रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाददादा. चाळीस दिवसांच्या आत एक लेखणी आणि एक गळा हरपला. गळ्याचा वारसा घरातच राहिला. आनंद, मिलिंद, दिनकर ही मुले गायक झाली. नातू आदर्श आणि उत्कर्षही गातात.

पण लेखणीचे काय? टेप अडगळीत गेला, फितींना बुरशी आली. आता गाणे मोबाईलवर सापडते. गाणाऱ्याचे नावही सापडते. लिहिणाऱ्याचे मात्र पुष्कळदा सापडत नाही. आपल्याच कवीला आपणच बेवारस करायचे काय?

म्हणून घरातल्या आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. गाणे कोणते, लिहिले कोणी, गायले कोणी, आपल्या वस्तीत ढोलकीवर कोण बसायचे, सारे टिपून ठेवा.

त्या मुलीला म्हणालो, "बाळ, ते आपलेच. ऐकायचं तर सगळ्यांनी ऐकावं." तिने वही उघडली आणि पहिला प्रश्न केला, "काका, हे गाणं लिहिलं कुणी?"

मला सांगता आले नाही.

जयभीम!